डेल आता खासगी झाली म्हणे. तिचा लॅपटॉप घ्यावा का? (बजेट ३५ हजार)

कृष्णाकाठ (८ नोव्हेंबर २०१३)
नमस्कार मंडळी. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ऑटोकॅडसाठी (यंत्रांची ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) लॅपटॉप हवाय. बजेट ३५ हजार, वर एक रुपया नाही. डेलचा इन्स्पिरॉन जवळजवळ ठरला होता. तेवढ्यात भाऊबीजेला मेहुणे आले आणि म्हणाले, "ती कंपनी शेअरबाजारातून उठली, मालकाने कर्ज काढून विकत घेतली. उद्या सर्व्हिस कोण देणार?" दुकानदार म्हणतो काही फरक पडत नाही, पण तो दुसरं काय म्हणणार! आम्ही कराडचे. बिघडलं की पुण्याला खेटे घालणं जमणार नाही. जाणकारांनी सांगावं.

आगाऊ_बंड्या
खासगी झाली? म्हणजे आधी सरकारी होती की काय?

टेक्सासकर
बंड्या, प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. आपल्याकडे सार्वजनिक म्हटलं की एसटी नाहीतर गणपती. तिकडे पब्लिक म्हणजे जिचे शेअर कोणीही बाजारात घेऊ शकतो अशी कंपनी. डेल १९८८ पासून तशी होती. २९ ऑक्टोबरला व्यवहार पुरा झाला. संस्थापक मायकेल डेल आणि सिल्व्हर लेक नावाची गुंतवणूक कंपनी यांनी मिळून बाकीच्यांचे शेअर घेतले. सुमारे २५ अब्ज डॉलरचा मामला. मायक्रोसॉफ्टनेही २ अब्ज कर्जाऊ दिलेत. मी राउंड रॉकपासून जवळच राहतो, तिथे डेलच्या मुख्यालयाला टाळं वगैरे काही लागलेलं नाही.

फळ_खाणारा
एकदाच मॅकबुक एअर घ्या आणि विसरून जा. माझा तीन वर्षं झाली, मख्खन चालतोय. बजेट थोडं ताणा.

कृष्णाकाठ
थोडं म्हणजे दुप्पट हो!

न्यूजर्सीचा_नाना
डेल म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. २००० च्या तेजीत पन्नास डॉलरच्या वर भाव असताना मी शेअर घेतले होते. आता हातात काय पडलं? शेअरमागे १३.७५ आणि वर १३ सेंटचा लाभांश. दोष माझ्याच हावरटपणाचा, मान्य. पण जो माणूस कंपनी चालवतो, आत काय शिजतंय ते ज्याला सगळ्यांत आधी कळतं, तोच भाव पडलेला असताना विकत घेतो, हे मला पटत नाही. कार्ल आयकान या बड्या गुंतवणूकदारानेही हेच धरून उन्हाळाभर भांडण केलं.

टेक्सासकर
नाना, आयकान काही संत नाही, त्याला जास्त भाव हवा होता. ९ सप्टेंबरला त्याने हात टेकले आणि १२ तारखेला शेअरवाल्यांच्या मतदानात विक्रीचा ठराव मंजूर झाला.

न्यूजर्सीचा_नाना
कसा मंजूर झाला तेही सांगा की. आधीचा नियम होता, जो मत देणार नाही तो विरोधात धरायचा. जुलैत मतं पुरेनात म्हणून सभा पुढे ढकलली, मग परत ढकलली. शेवटी भाव १३.६५ चा १३.७५ केला आणि बदल्यात तो नियम काढून घेतला. आमच्या दादरच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटच्या वेळी सेक्रेटरीने असंच केलं असतं तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या.

मुळाक्षर
शीर्षकात "खासगी" लिहिलंय ते बरोबर आहे. बरेच जण "खाजगी" लिहितात.

आगाऊ_बंड्या
दोन्ही चालतं.

मुळाक्षर
चालतं आणि बरोबर असतं यात फरक आहे.

लॅमिंग्टन_रोड
लॅपटॉप कशाला? ३५ हजारात असेंबल्ड डेस्कटॉप असा होईल की ऑटोकॅड पळेल. मी आजवर शेजारपाजारच्यांना तीसेक बांधून दिलेत.

नीलांबरी
पोरगी हॉस्टेलवर कॅबिनेट डोक्यावर घेऊन जाणार का, दादा?
कृष्णाकाठ, मालक कोण याने वॉरंटी बदलत नाही, ती लेखी असते. तुम्ही एवढंच बघा: वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की मशीन सेंटरला नेऊन द्यायचं, आणि घरी येणार असतील तर कराडचा पिनकोड त्यात बसतो का. दुकानदाराला नको, कंपनीच्या फोनवर विचारा. माझ्या लॅपटॉपची (कंपनीचं नाव घेत नाही) बिजागरी तुटली तर सेंटरवाल्यांनी तो २२ दिवस ठेवून घेतला आणि चार्जर हरवून परत दिला. ती कंपनी शेअरबाजारातलीच होती!

थिंकपॅडभक्त
२००५ मध्ये आयबीएमने पीसीचा धंदा लेनोव्होला विकला तेव्हाही सगळे छाती पिटत होते. माझा लेनोव्होचा थिंकपॅड त्यानंतरचा आहे, दोनदा जिन्यावरून पडला, चालू आहे. मालक बदलल्याने काही होत नाही. थिंकपॅडच घ्या.

फळ_खाणारा
मॅकबुक पडूच देऊ नये.

बॅलन्सशीट
नीलांबरीताईंना अनुमोदन, पण मेहुणेही अगदीच चुकीचे नाहीत. अशा व्यवहारात कर्ज मालकाच्या नाही, कंपनीच्या डोक्यावर बसतं, आणि त्याचं व्याज कुठून तरी निघावं लागतं. उलट बाजूने, टॅब्लेटमुळे पीसीची विक्री उतरतेय, सर्व्हर आणि सेवांकडे वळायचं तर एकदोन वर्षं नफा पडणार. दर तिमाहीला शेअरवाल्यांची बोलणी खायची नसतील तर दार लावून काम केलेलं बरं, हा मायकेल डेलचा हिशेब. तुमच्या तीन वर्षांत कंपनी कुठे जात नाही. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला कारखाना आहे. बिनधास्त घ्या, फक्त तीन वर्षांची वॉरंटी आत्ताच वाढवून घ्या.

आगाऊ_बंड्या
आणि ४ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका. विंडोज नसलेलं मशीन स्वस्त पडतं.

लॅमिंग्टन_रोड
रॅमचं मी सांगणारच होतो.

कृष्णाकाठ (१७ नोव्हेंबर)
सगळ्यांचे आभार. कळवायला उशीर झाला. लेकीच्या कॉलेजातला एक सीनियर पुण्याला नोकरीला लागला, त्याचा दोन वर्षं वापरलेला डेल १४ हजारांना मिळाला. ऑटोकॅड टाकलेलं आहे, चालतंय. उरलेल्या पैशांत गाडीचे टायर बदलले. मेहुण्यांनीच भाव पाडून दिला.

नीलांबरी
वॉरंटी?

कृष्णाकाठ
जूनमध्ये संपली.

बॅलन्सशीट
बॅटरी किती वेळ टिकते ते तरी पाहिलंत का?

मुळाक्षर
"सीनियर" बरोबर लिहिलंत.