मदत हवी आहे: साबुदाण्याच्या खिचडीचा गोळा होतोय

काल एकादशीला तीन वाट्या साबुदाणा भिजवला होता. रात्री धुऊन वर बोटभर पाणी ठेवलं. सकाळी दाणे छान टपोरे फुगले होते, म्हणून मी निश्चिंत. तुपात जिरं, मिरची, बटाटा परतला, अर्धा साबुदाणा आणि दाण्याचं कूट घालून झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी उलथनं घातलं तर अख्खी खिचडी एका गोळ्यात वर आली! खाली कढईला चिकट पापुद्रा. सासूबाईंचा कडक उपास. त्यांनी दही-केळ्यावर दिवस काढला. फार वाईट वाटलं हो.

आई दाणे जेमतेम बुडतील इतकंच पाणी ठेवायची आणि कूट, मीठ, साखर आधीच साबुदाण्याला चोळून घ्यायची. मग माझं चुकलं कुठे, पाण्यात की झाकणात? साबुदाणा नेहमीचाच आहे, चिवड्यासाठी तळतात तो नायलॉन साबुदाणा नाही.

उरलेला अर्धा भिजवलेला साबुदाणा फ्रिजमध्ये आहे. हात लावला तर ओल लागते. त्यात उकडलेला बटाटा कुस्करून थालीपीठं लावली तर जमतील का? की पंच्यावर पसरून आधी सुकवू? आज संध्याकाळीच करायचीत, कृपया लवकर सांगा.