मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन फोर्ट मॅक्लाउड, एका दिवसात जमेल का?

नमस्कार मंडळी,
आईबाबा सध्या कॅनडात, कॅल्गरीला आमच्याकडे आले आहेत. बॅन्फचे डोंगर बघून झाले. आता बाबांना 'किल्ला' बघायचाय, म्हणजे कॅल्गरीच्या दक्षिणेला असलेल्या फोर्ट मॅक्लाउड गावातलं जुन्या पोलीस ठाण्याचं संग्रहालय! त्यांना आधीच सांगून ठेवलंय की रायगड डोळ्यांसमोर आणू नका, हे लाकडी कुंपणाचं ठाणं आहे, आणि तेही नंतर बांधलेली प्रतिकृती.

पण गोष्ट भारी आहे. अमेरिकेतल्या मोंटानाकडून येणाऱ्या दारूच्या व्यापाऱ्यांना आवरायला १८७४ मध्ये घोडेस्वार पोलीस आले, जेरी पॉट्स या वाटाड्याच्या भरवशावर. पहिलं ठाणं ओल्डमन नदीतल्या बेटावर होतं. पुराला कंटाळून १८८४ मध्ये ते हलवलं आणि त्या नव्या जागी गाव वाढलं. १९०६ च्या आगीनंतर मुख्य रस्त्यावर विटा-दगडांच्या इमारती आल्या. पुढे गावाचं दिवाळं निघालं, त्यामुळे त्या जुन्या इमारती पाडायलाही पैसे उरले नसावेत असा माझा अंदाज!

आता प्रश्न. संग्रहालय आणि जवळचा हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप (पूर्वी मूळनिवासी शिकारीसाठी बायसनचे कळप ज्या कड्यावरून खाली पाडत, तो), दोन्ही एकाच दिवसात निवांत होतील का? आईचे गुडघे दुखतात. कड्यावरच्या पायवाटेवर चढ किती आहे? उन्हाळ्यातली घोडेस्वारांची कवायत वेळ साधून बघण्यासारखी आहे का? तिथला वारा म्हणे माणसाला ढकलतो, मग डबा कुठे बसून खायचा? आई थालीपीठं घेतल्याशिवाय निघणार नाही.

कुणी अलीकडे ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर कृपया सांगा.