प्रतिसाद: २००८ ला आपण कसे तरलो?
२००८ च्या जागतिक आर्थिक संकटातून 'सरकारी बँकांमुळे भारत वाचला' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना, तेजी ऐन भरात असतानाच, रिझर्व्ह बँकेने बांधकाम क्षेत्राच्या कर्जांवरची जोखीम-तरतूद (कर्ज बुडालं तर म्हणून बँकांनी बाजूला ठेवायची रक्कम) वाढवली होती. तेव्हा बिल्डर मंडळी केवढी कुरकुरली! शिवाय दरही चढे होते, म्हणूनच लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाल्यावर ते उतरवायला हातात दारूगोळा शिल्लक होता: सीआरआर (बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा ठेवींचा हिस्सा) ९ टक्क्यांवरून जानेवारी २००९ पर्यंत ५ वर, रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) ९ वरून एप्रिलपर्यंत पावणेपाचवर. पण झळ लागलीच नाही म्हणणाऱ्यांनी सुरतेच्या रत्नकलाकारांना, म्हणजे हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिरांना, विचारावं. दिवाळीला गावी गेलेल्या कित्येकांना परत यायला कामच उरलं नव्हतं. आणि तेव्हा सढळ हाताने दिलेल्या कर्जांचं पुढे एनपीए (थकलेलं कर्ज) झालं, ते कुणाच्या खात्यात मांडायचं?