"बाकी शून्य"? जॉन्सनवर एवढा राग कशाला?

ह्यूस्टनकर
काल अभ्या_सातारकर यांनी अमेरिकन अध्यक्षांची उतरंड लावून टाकली. लिंकन, वॉशिंग्टन, फ्रँकलिन रुझवेल्ट आणि लगेच चौथ्या नंबरावर केनेडी. इथपर्यंत मी गप्प होतो. पण पार तळाला, सगळ्यात वाईट अध्यक्ष मानल्या जाणाऱ्या ब्युकॅननच्या मांडीला मांडी लावून लिंडन जॉन्सन, आणि पुढे एकच ओळ, "व्हिएतनामचा कसाई, बाकी शून्य". त्या 'बाकी शून्य'ने माझं डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबलाय, सहन करा.

केनेडीने नागरी हक्कांचं बिल जून १९६३ मध्ये मांडायला लावलं आणि ते कमिटीत कुजत पडलं. भाषण छानच होतं, वाद नाही. पण बिल भाषणाने पास होत नाही. नोव्हेंबरात डॅलसला केनेडीचा खून झाला आणि जॉन्सनने विमानातच शपथ घेतली. हा गडी टेक्सासचा, सिनेटमध्ये वर्षानुवर्षं मुरलेला, कुठल्या सिनेटरला काय हवंय आणि कोण कशाला घाबरतो हे सगळं तोंडपाठ. सहा फूट तीन इंचाचा माणूस समोरच्याच्या अक्षरशः अंगावर वाकून बोलायचा, समोरचा मागे सरकत सरकत भिंतीला टेकायचा, फोटो आहेत त्याचे. दक्षिणेतले त्याच्याच पक्षाचे सिनेटर महिनोन्महिने भाषणं ठोकून बिल अडवत होते. ह्याने रिपब्लिकनांच्या सिनेटमधल्या नेत्याला, डर्कसनला, गोंजारून गोंजारून फोडला. १० जून १९६४ ला ७१ विरुद्ध २९ मतांनी ती बडबड बंद पाडली आणि २ जुलैला सही.

पुढचं १९६५ साल बघा. काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा, मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा), इमिग्रेशनचा कायदा, सगळं एका वर्षात. मेडिकेअरवर सही करायला हा मुद्दाम मिझुरीत म्हाताऱ्या ट्रुमनकडे गेला आणि पहिलं कार्ड त्यालाच दिलं, कारण ट्रुमनने तेच करायचा प्रयत्न केला होता आणि आपटला होता. १९६४ ला अमेरिकेत १९ टक्के लोक गरिबीत होते, १९६९ ला १२ टक्के. ह्याला शून्य म्हणतात?

आणि हो, त्या इमिग्रेशनच्या कायद्याआधी भारतातून येणाऱ्यांचा वर्षाचा कोटा किती होता माहितेय? शंभर. माझा मामा १९६९ ला सांगलीहून इंजिनीअर म्हणून इथे आला तो ह्याच कायद्यामुळे (खिशात आठ डॉलर घेऊन आल्याची गोष्ट सांगत नाही, तुमच्याही मामाने सांगितली असेल). आज न्यूजर्सीत गणपती बसवणाऱ्या प्रत्येक मंडळाने एक फोटो जॉन्सनचा लावायला हरकत नाही.

अभ्या_सातारकर
लावा की फोटो, हारही घाला. कोणी आरती लिहिली तर कळवा.
आता मुद्दा. १९६४ च्या प्रचारात हाच माणूस सांगत होता की अमेरिकेच्या पोरांना आशियात लढायला पाठवणार नाही. ऑगस्टमध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दोनदा हल्ला झाला असं निमित्त केलं. दुसरा हल्ला झालाच नव्हता हे नंतर कळलं, पण सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ ने युद्धासाठी कोरा चेक घेऊन झाला होता. मार्च १९६५ ला दा नांगला मरीन्स उतरले आणि १९६८ पर्यंत पाच लाखांवर सैनिक. अमेरिकेचे ५८ हजारांहून जास्त मेले आणि व्हिएतनामी किती लाख गेले ते तुमच्या धाग्यात कुठेच नाही. स्वतःच्या घराला नवं छप्पर घातलं म्हणून शेजाऱ्याचं घर पेटवलेलं माफ होतं का? केनेडीने १९६२ ला क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांच्या वेळी जनरल लोक हल्ला करा हल्ला करा म्हणत असताना डोकं थंड ठेवलं. त्या खुर्चीत तुमचा जॉन्सन असता तर आपण दोघं इथे भांडायला शिल्लक नसतो.

ह्यूस्टनकर
असता नसता सोडा हो. जॉन्सनच्या हातात व्हिएतनाम आलं तेव्हा तिथे आधीच सोळा हजार 'सल्लागार' होते, केनेडी आला तेव्हा हजारही नव्हते. दक्षिण व्हिएतनामच्या दिएमचं सरकार उलथलं १ नोव्हेंबर १९६३ ला, वॉशिंग्टनचा होकार घेऊन. अध्यक्ष कोण होतं? संरक्षणमंत्री मॅक्नमारा, परराष्ट्रमंत्री रस्क, सुरक्षा सल्लागार बंडी ही सगळी केनेडीचीच माणसं. आणि त्या ५८ हजारातले वीस हजारांवर निक्सनच्या काळात गेलेत, तेही जॉन्सनच्याच खात्यावर मांडता. युद्ध चूक होतं हे मी कुठे नाकारतोय, मी 'बाकी शून्य'वर भांडतोय.

काळी_माती
तुम्हा लोकांना व्हिएतनाम दिसतंय, आमच्या ताटात काय पडलं ते कोण सांगणार? पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली यायचा तो गहू विसरलात वाटतं. हाच जॉन्सन महिन्या-महिन्याला मोजून जहाजं सोडायचा, भारताने व्हिएतनामवर तोंड उघडलं की जहाज लेट. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्याकडे लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, खाल्लाय लोकांनी. तिकडं जनावराला घालायचा तो माल इकडं माणसाला. आणि त्या गव्हासंगं गाजर गवत आलं ते आजपर्यंत रानातून हटत नाही. माझ्या वडलांचे दोन्ही हात कोपरापर्यंत फुटलेत त्या गवतानं, उन्हाळ्यात पण फुल बाह्यांचा शर्ट घालून बांधावर जातात. मेडिकेअरचं कार्ड तुम्ही जपून ठेवा.

निवृत्त_मास्तर
काळीमाती साहेब, वडिलांच्या त्रासाबद्दल वाईट वाटलं. पण थोडी तारखांची शिस्त पाळू या. बाहत्तरला अध्यक्ष निक्सन होता, जॉन्सन जानेवारी १९६९ लाच घरी गेला. पीएल-४८० कायद्यावर सही आयसेनहॉवरची, १९५४. जहाजं अडवून धरण्याचा आरोप मात्र शंभर टक्के खरा. एप्रिल १९६५ ला शास्त्रीजींना दिलेलं आमंत्रण ऐनवेळी पुढे ढकललं, शास्त्रीजी नंतर कॅनडाला जाऊन आले पण अमेरिकेत पाऊल ठेवलं नाही. १९६६ चा जून, रुपया डॉलरला ४.७६ वरून ७.५० वर आणला, तोही वॉशिंग्टन आणि जागतिक बँकेच्या दबावाखाली. हे सगळं त्याच्या खात्यात जरूर लिहा.
गाजर गवत मात्र लिहू नका. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास दिसलं. पीएल-४८० चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. जॉन्सन तेव्हा सिनेटमध्ये बसला होता.

तिरकस
म्हणजे करार व्हायच्या आधीच बी येऊन उगवून फुलून तयार. याला म्हणतात ॲडव्हान्स डिलिव्हरी.

काळी_माती
मास्तर, तारखा तुम्हालाच लखलाभ. १९५१ ला ट्रुमनने गहू उधार दिला होता की नाही? मग त्यातून आलं असेल. गवत मूळ अमेरिका खंडातलं हे तर खरं ना? का ते पण आमच्याच बांधावर जन्मलं? आणि तिरकसभाऊ, तुम्ही कधी उपटलंय का गाजर गवत? हातमोजे न घालता उपटून दाखवा, मग डिलिव्हरीवर बोलू.

निवृत्त_मास्तर
१९५१ च्या गव्हाचं शक्य आहे, नाही म्हणत नाही. पण वनस्पतीशास्त्राच्या जुन्या नोंदींत ते भारतात एकोणिसाव्या शतकापासून सापडतं असं म्हणतात. गव्हाबरोबर नवं बी येऊन ते फोफावलं, असं फार तर म्हणा.

काळी_माती
म्हणजे आलंच की गव्हाबरोबर! एवढं फिरवून तेच बोलायलात.

लातूरची_लेक
गवत राहू द्या, मिलोवर बोलते. आमची आजी सांगायची, मिलोच्या पिठाला चिकटपणाच नाही, भाकरी थापली की कडेला चिरा, तव्यावर टाकताना निम्मी हातातच. उकळत्या पाण्यात पीठ भिजवून बायका कशीबशी थापायच्या. मास्तर, तिला निक्सन का जॉन्सन ते ठाऊक नव्हतं, तिच्यासाठी सगळा 'अमेरिकेचा' माल. तारखा बरोबर असल्या तरी अपमान तोच ना.

ह्यूस्टनकर
ताई, मान्य. पण दुसरी बाजू बघा. १९६६ आणि ६७ ला बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा अमेरिकेच्या गव्हाचा जवळपास पाचवा हिस्सा भारतात आला. जॉन्सनने जहाजं रोखली पण बंद केली नाहीत. आणि त्या चिमट्यामुळेच दिल्लीला शेतीकडे वळून बघावं लागलं, १९६६ ला मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, हरित क्रांती झाली. तो चिमटा नसता तर अजून दहा वर्षं जहाजांची वाट बघत बसलो असतो.

लातूरची_लेक
वा. म्हणजे उपाशी माणसाचा घास हातात धरून ठेवायचा आणि नंतर म्हणायचं, बघा, माझ्यामुळे स्वयंपाक शिकलास. सुब्रमण्यम शेतीमंत्री झाले १९६४ ला, नव्या बियाण्याचं डोक्यात तेव्हापासून होतं, इथल्या शास्त्रज्ञांनी चाचण्या आधीच लावल्या होत्या. शास्त्रीजींनी सोमवारचा उपास करायला सांगितला तर लोकांनी केला. ते सगळं श्रेय पण टेक्सासला पाठवून द्या एकदाचं. ह्यूस्टनला राहून बिहारचा दुष्काळ फार उपयोगी वाटतो नाही?

ह्यूस्टनकर
माझ्या पत्त्यावर घसरायची गरज नव्हती. श्रेय सुब्रमण्यम यांचंही आहे, लिहायचं राहिलं. 'मुळेच' मधला 'च' काढा, झालं समाधान?

रांगेतला
ह्यूस्टनकर काका, तुमचे मामा आले ते बरं झालं. पण ज्या कायद्याची तुम्ही आरती करताय त्यातच प्रत्येक देशाला वर्षाला २० हजारांची मर्यादा घातली होती, १९९० ला ती एकूण व्हिसांच्या ७ टक्के झाली. आइसलँडला तेवढेच आणि भारताला तेवढेच. मी कधीपासून ग्रीन कार्डच्या रांगेत आहे ते सांगत नाही, बीपी वाढतं. मुलगी तीन वर्षांची असताना आलो, पुढच्या वर्षी एकवीसची होईल आणि माझ्या अर्जातून बाहेर फेकली जाईल. घरी बोलते ती इंग्लिश, भारतात परत पाठवायचं तर कुठे? शंभरावरून वीस हजार केले हे खरं, उपकार आहेत. पण दार उघडताना उंबरठा पण त्यानेच बांधला.

ह्यूस्टनकर
मुलीचं खरंच अवघड आहे, चांगला वकील माहीत आहे, व्यक्तिगत निरोप करतो. पण १९६५ ला भारतातून दहा लाखांची रांग लागेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं हो, काँग्रेसला वाटलं होतं युरोपातलेच नातेवाईक जास्त येतील. पुढच्या अध्यक्षांनी आणि काँग्रेसने ती मर्यादा का उठवली नाही त्याचा जाब त्यांना विचारा.

अभ्या_सातारकर
बघा, चांगलं झालं की जॉन्सनचं आणि वाईट झालं की कधी केनेडीचं, कधी निक्सनचं, कधी काँग्रेसचं. फार सोयीचा अध्यक्ष आहे तुमचा.
तरी मतदानाच्या कायद्यावर माझ्याकडे उत्तर नाही, सेल्मात मतदानासाठी निघालेल्या काळ्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्यानंतर पाच महिन्यात कायदा करून दाखवला ते केनेडीला जमलं नसतं, लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही. ब्युकॅननशेजारून उचलतो. निक्सनच्या वर बसवतो, कारण एकाहत्तरला सातवं आरमार बंगालच्या उपसागरात पाठवणाऱ्याच्या खाली कोणालाच ठेववत नाही. पहिल्या दहात मात्र माझ्या हयातीत नाही.

तिरकस
केनेडी चौथा राहिला ना? मग धागा सुफळ संपूर्ण.

ह्यूस्टनकर
केनेडीवर उद्या वेगळा धागा.

काळी_माती
तो काढा सावकाश. मास्तर, ते गवत खाणारा मेक्सिकन भुंगा म्हणतात, आमच्याकडं पावसाळ्यात थोडा दिसतो आणि गायब होतो. तो जास्तीचा आणून सोडायचा तर कुठं मिळंल, कृषी विद्यापीठात विचारू का?

निवृत्त_मास्तर
हो, तिथेच विचारा. पाऊस सुरू झाल्यावर सोडायचा, उन्हाळ्यात तो जमिनीत दडून बसतो. हा मात्र १९८४ ला आपणच मुद्दाम आणलेला, जॉन्सनचा ह्यातही संबंध नाही.