मदत हवी आहे: गॅसकेंद्रात कार्बन पकडल्यावर कार्यक्षमता 40 टक्के की 51?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. सांगलीत एम.टेक. करतेय. सेमिनारचा विषय: गॅसवरच्या कंबाइंड सायकल केंद्राला (गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवणारं) कार्बन पकडायचं संयंत्र जोडलं तर किती वीज हातची जाते. गॅसकेंद्र बघायचं तर उरण नाहीतर दाभोळ गाठायचं. आपल्याकडे वीज म्हणजे कोयना किंवा साखर कारखान्याचं को-जन (चिपाडावर वाफ आणि वीज दोन्ही करणारं). त्यामुळे विचारायला जवळ कुणी नाही.

हिशोब असा. केंद्र 500 मेगावॅटचं, कार्यक्षमता 58 टक्के (एलएचव्हीवर, म्हणजे धुरातल्या पाण्याच्या वाफेची उष्णता न धरता), म्हणजे इंधनातून 862 मेगावॅट उष्णता. ताशी साधारण 174 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. 90 टक्के पकडायचा म्हणजे 157 टन. धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या अमाइन या रसायनाच्या द्रावणातून तो तापवून परत सोडवायला टनाला 3.6 गिगाज्यूल धरले (बरोब्बर एक मेगावॅट-तास), म्हणजे रिबॉयलरला (वाफेने द्रावण तापवणाऱ्या भांड्याला) 157 मेगावॅट. ते 500 मधून वजा केले की 343 उरतात, कार्यक्षमता जेमतेम 40. पण जो पेपर उघडावा त्यात घट 7-8 अंकांचीच. एवढा फरक कशाने? सोमवारी सादरीकरण आहे, जाणकारांनी जरा बघा.

बगॅस_बॉयलर
ताई, मी कराडकडे को-जनला शिफ्टमध्ये असतो. गॅस टर्बाइनला हात लावलेला नाही, पण वाफेचं गणित तेच.

157 मेगावॅट ही उष्णता आहे, वीज नव्हे. आमच्याकडे टर्बाइनमधून निघालेली दीड-दोन किलो दाबाची वाफ उसाचा रस आटवायच्या भांड्याला, बॉडीला जाते. ती वाफ वीज करून बऱ्यापैकी दमलेली असते. तुमच्या रिबॉयलरचंही तसंच. अमाइनला साधारण 120 अंश लागतात, त्याहून फार तापवलं तर ते खराब होतं. म्हणजे तीन-साडेतीन बार दाबाची वाफ पुरे, आणि ती एलपी (कमी दाबाच्या) टर्बाइनच्या तोंडाशी काढायची. ती पुढे कंडेन्सरपर्यंत (वाफेचं परत पाणी होतं तिथवर) गेली असती तर 100 मेगावॅट उष्णतेमागे 20-25 मेगावॅटच वीज झाली असती, बाकीची थंड पाण्यात गेली असती. 22 धरा: 157 वर साधारण 35 मेगावॅट गेले.

मात्र थेट विजेचे खर्च तुम्ही धरलेच नाहीत. पकडलेला वायू दाबायच्या कॉम्प्रेसरला टनाला 100 युनिट म्हटले तरी 16 मेगावॅट. धूर अमाइनच्या टॉवरमधून ढकलायचा ब्लोअर आणि पंप मिळून 10 च्या आसपास. एकूण 60-61 जातात. उरले 440 च्या जवळपास, भागिले 862, झाले 51 टक्के.

कृष्णाकाठची
दादा, खूप आभार! कंडेन्सरकडे लक्षच गेलं नव्हतं. एक शंका: गॅसच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम 4 टक्के, कोळशाच्या धुरात 12-14. इतक्या पातळ धुरातून काढायचा, तर गॅसकेंद्राचं नुकसान जास्त व्हायला हवं ना?

उष्मांक
टनामागे त्रास जास्तच आहे. धूर पुष्कळ, म्हणून टॉवर मोठा नि ब्लोअर जबर. शिवाय त्यात ऑक्सिजन 12-13 टक्के असल्याने अमाइन लवकर सडतं. थोडा धूर गार करून परत गॅस टर्बाइनच्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या तोंडाशी फिरवला तर कार्बन डायऑक्साइड 6-8 टक्क्यांपर्यंत चढवता येतो, तो भाग सेमिनारमध्ये घ्याच. पण एका युनिटमागे गॅस मुळात कोळशाच्या निम्म्याहून कमी कार्बन सोडतो. पकडायचे टनच कमी, म्हणून एकूण फटका कमी बसतो.

आता पेपर वाचताना दोन गोष्टी बघा. अमेरिकेच्या एनईटीएल या सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेचे आकडे एचएचव्हीवर (धुरातल्या वाफेची उष्णताही धरून) असतात: त्यांच्या 2019 च्या अहवालात 53.6 वरून 47.7. त्यांना 1.108 ने गुणलं की 59.4 आणि 52.9, मगच तुमच्या 58 शी तुलना होते. घट तिथे थोडी कमी दिसते, कारण द्रावक (कार्बन शोषणारं द्रावण) नवीन, टनाला उष्णता कमी मागणारा. दुसरं, '7 अंकांची घट' आणि '7 टक्के घट' एक नव्हे. 58 वरून 51 म्हणजे वीज 12 टक्के कमी, आणि तेवढ्याच विजेला गॅस जवळपास 14 टक्के जास्त. परीक्षक हमखास इथे अडवतात.

बगॅस_बॉयलर
आणि ताई, तक्त्यात 'उत्सर्जनात 90 टक्के घट' लिहिलं असेल तर खोडा. आधी मेगावॅट-तासाला 348 किलो होते, आता वीजच कमी झाल्याने 40 च्या घरात येतात. घट साडेअठ्ठ्याऐंशी टक्के.