भाचा सभेला बोलावतोय, माझे पाय निघत नाहीत

साखरपेठकर:
वय ४७, खाजगी नोकरी, सोलापूर. कॉलेजात असताना आम्ही काही मित्र पूर्व भागात विडी कामगारांच्या पोरांचा संध्याकाळचा वर्ग घ्यायचो. १२ जानेवारीला चार पुतळ्यांपाशी जायचो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३१ साली याच दिवशी इंग्रजांनी त्यांना येरवड्यात फाशी दिली, तेव्हा कुर्बान हुसेन ऐन विशीतले, आमच्याच वयाचे. नावं घेताना अंगावर काटा यायचा.

मग वडिलांची मिल बंद पडली. थकलेल्या पैशांसाठी ते प्रत्येक मोर्चाला गेले. पुढारी बदलले, झेंडे बदलले, वडील वाट बघत गेले. तिथून पुढे माझ्यातलं काहीतरी कमी कमी होत गेलं.

आता भाचा विशीत आहे. गल्लीत चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून पोरांनी रविवारी सभा ठेवलीय. म्हणतो, "मामा, तू बोल, तुला बोलता येतं." मला आधीच सगळं दिसतं : निवेदन, फोटो, पेपरात बातमी, मग सामसूम. याला अनुभव म्हणायचं, की मन मेलं म्हणायचं? चाळिशी ओलांडलेल्यांनी सांगा, तुमचा विश्वास टिकला का, आणि कशावर?

भैय्याचौक_निवृत्त:
डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे. १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ ला तिथेच वारले, वय ३२. आपण पोरांना कोटणीस सांगतो, चार हुतात्मे सांगतो. ही माणसं फार लवकर गेली. त्यांच्या चाळिशीचं उदाहरण आपल्यापुढे नाहीच. घर, कर्ज, म्हातारे आईवडील सांभाळून कसं उभं राहायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. म्हणून स्वतःला मेलेला समजू नका. मेलेल्या मनाला असा प्रश्न पडत नाही.

विडीवालीची_लेक:
भाऊ, तुमच्यासारख्यांच्या संध्याकाळच्या वर्गात मी शिकलेय. तुमचाच होता की नाही, माहीत नाही. आता झेडपी शाळेत शिक्षिका आहे.

आईचं सांगते. आमच्या घरात तेलुगू, आईला मराठी वाचता येत नव्हतं. दिवसभर सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळायच्या, वर छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की पैसे कापले जायचे. घरकुलांची चळवळ सुरू झाली तेव्हा ती सभेला जायची आणि शेजारणी म्हणायच्या, "तुला बंगला मिळणार होय?" वर्षांमागून वर्षं गेली. बाबा तर स्पष्ट म्हणायचे की सगळं फसवं आहे. २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगारांना घरं मिळाली, त्यात एक आमचं. कामगारांचे पुढारी आडम मास्तर पुढे होते हे खरंच, पण मास्तरांच्या मागे बसायला दहा हजार बायका लागल्या. आई तिथे देशावरच्या प्रेमाने जात नव्हती. तिला पत्र्यातून गळणारं पाणी थांबवायचं होतं. तरीही ती शेवटपर्यंत जात राहिली.

तुमच्या वडिलांचे पैसे आले नाहीत, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण मोर्चाला जाण्यात त्यांचं चुकलं, असं मला वाटत नाही.

जुळेसोलापूर:
माझं थोडं वेगळं मत. पुढाऱ्यावरचा विश्वास उडाला तर उडू दे, तो उडायलाच हवा होता. पण गल्लीतल्या पोरांवरचा उडू देऊ नका. पुढचं सगळं आधीच दिसतंय म्हणता ना? मग तेच सभेत सांगा. निवेदन देऊन थांबू नका, माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील.

साखरपेठकर:
ताई, तुमचं वाचून मन भरून आलं. वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. जुळेसोलापूर, अर्जात नेमकं काय मागायचं?

जुळेसोलापूर:
तक्रार लिहू नका, कागद मागा. गेल्या तीन महिन्यांत तुमच्या भागात कोणत्या तारखेला, किती वाजता पाणी सोडलं आणि किती वेळ, त्या नोंदवहीची प्रत. शेजारच्या भागाचीही मागा, म्हणजे ताडून बघता येईल. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला मात्र यात ओढू नका, तो हुकमाचा ताबेदार. आणि अर्ज भाच्याच्या नावाने करा, पोच त्याच्याकडेच राहू दे.