एमडी-पीएचडी आणि आमची 'परदेशी' मुलगी

प्रेषक: मोदकवाल्या काकू, एडिसन

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मोदकांशिवाय मी कधी मंडळाच्या या ई-मेल यादीवर तोंड उघडत नाही, पण आज काम अडलंय.

आमची धाकटी बायोकेमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला गेली. दोन उन्हाळे प्रयोगशाळेत फुकट राबली. फुकट, कारण एच-४ वर, म्हणजे आई-बापाच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या मुलांच्या व्हिसावर, पगार घेता येत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीला त्याच कामाचे पैसे मिळत होते, हिला फक्त 'थँक यू'चं कार्ड. आता तिने एमडी-पीएचडीचा, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधनाची पीएचडी एकत्र करायच्या सात-आठ वर्षांच्या शिक्षणाचा, ध्यास घेतलाय. फेब्रुवारीत एकविसावं पूर्ण होईल, म्हणजे एच-४ संपलं. आमची ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख २०१५ ची, ईबी-२ या नोकरीवरच्या गटातली. २०२५ मध्ये भारतासाठीची रांग २०१३ च्या सुरुवातीशी घुटमळत होती, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

चार वर्षांची असताना विमानातून उतरली. बालवाडीपासून सगळं इथेच. तरी अर्जाच्या फॉर्मवर ती 'इंटरनॅशनल'! परवा दोघींनी बसून कॉलेजांची यादी काढली, तर एकामागून एक तेच वाक्य: फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक. हा कायदा आहे की त्यांची मर्जी? यातून गेलेलं कोणी आपल्यात आहे का?

– मोदकवाल्या काकू

*

प्रेषक: नाना, पार्सिपनी

वहिनी,

राग मानू नका, पण आठ वर्षं? मग रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. पोरगी पस्तिशीला टेकेल. सरळ मिरजेला पाठवा. माझा भाचा तिथे एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, झकास चाललंय. गंमत म्हणजे तोही मला विचारतो, 'मामा, अमेरिकेत एमडी-पीएचडी कसं करायचं?' त्याचंही उत्तर कोणी दिलं तर बरं.

– नाना

*

प्रेषक: फिलीवाला दादा

काकू, नाना,

नाना, मिरजेला जायचं तर तिला आधी 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. तेव्हा तो विषय बाजूला ठेवू.

काकू, कायदाही आहे आणि मर्जीही. यातलं कायद्याचं किती आणि मर्जीचं किती, हे कळायला मला दोन वर्षं आणि बरेच डॉलर लागले. म्हणून जरा लांबण लावतो.

अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे एनआयएचने, १९६४ मध्ये डॉक्टर-संशोधक घडवायची योजना काढली. तिला एमएसटीपी म्हणतात. सुरुवातीला तीनच कॉलेजं होती: न्यूयॉर्कची आइन्स्टाइन आणि एनवाययू, आणि शिकागोकडची नॉर्थवेस्टर्न. तिचे पैसे 'टी-३२' नावाच्या प्रशिक्षण अनुदानातून येतात, आणि त्यातला एक डॉलरही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या विद्यार्थ्यावर खर्च करता येत नाही. हा झाला कायदा.

पण कुठल्याही कॉलेजातल्या सगळ्या जागा टी-३२ वर चालत नाहीत. बाकीचा खर्च कॉलेज स्वतः उचलतं. शिवाय मधली तीन-चार पीएचडीची वर्षं बहुतेक वेळा गाइडच्या संशोधन अनुदानावर निघतात. ते अनुदान वेगळं, 'आर-०१' वगैरे. त्यातून विद्यार्थ्याला पगार देताना नागरिकत्वाची अट नसते. म्हणजे खरी अडचण आहे ती डॉक्टरकीच्या चार वर्षांची, पहिली दोन आणि शेवटची दोन. ती चार वर्षं कॉलेज आपल्या खिशातून भरणार का, एवढाच प्रश्न आहे. उत्तर 'हो' असेल तर तिचा अर्ज नीट वाचला जाईल. 'नाही' असेल तर ती कितीही हुशार असो.

मी नाशिकहून अठराव्या वर्षी इथे एका छोट्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर आलो. एमडी-पीएचडीसाठी अठरा ठिकाणी अर्ज केले. कितीतरी ठिकाणी दुय्यम अर्जाचे (पहिल्या अर्जानंतर कॉलेज वेगळा मागतं त्याचे) पैसे भरल्यावर कळलं की माझ्यासारख्याला घेतच नाहीत. एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोचलो. दिवसभर प्राध्यापकांशी बोललो, दोघांनी तर आपल्या प्रयोगशाळेत ये म्हणून सांगितलं. संध्याकाळी पिझ्झा खाताना ऑफिसातल्या बाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा व्हिसा कुठला?" त्यांच्या मांडीवर आमच्या नावांचा कागद होता. प्रत्येक नावापुढे हिरवा ठिपका, माझ्यापुढे पिवळा. पिवळ्यांसाठी त्या वर्षी एकच जागा होती आणि ती ऑक्टोबरातच गेली होती. बाई चांगल्या होत्या. पिझ्झ्याचा आणखी एक तुकडा त्यांनी माझ्या ताटलीत वाढला.

म्हणून पहिलं काम: अर्जाआधी प्रत्येक ठिकाणी चार ओळींची मेल. एफ-१ वरच्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला एमडी-पीएचडीत घेता का? घेत असाल तर पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन वर्षांची फी आणि स्टायपेंड कोण देतं? गेल्या काही वर्षांत किती जणांना घेतलंत? कॉलेजांची माहिती असलेल्या एमएसएआरवर विसंबू नका. नुसत्या एमडीला परदेशी चालतात आणि एमडी-पीएचडीला नाही, असंही असतं, आणि उलटंही. येल, जॉन्स हॉपकिन्स, सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी आणि न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल, रॉकफेलर आणि स्लोन केटरिंगचा एकत्र कार्यक्रम, इथे परदेशी मुलं घेतली गेली आहेत. पण मेल तिथेही पाठवा.

नुसतं एमडी करून बघू, असंही मनात येईल. मलाही आलं होतं. एका कॉलेजने चार वर्षांची फी आगाऊ वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितली. बाबांनी फोनवर आकडा दोनदा विचारला, मग म्हणाले, "गंगापूर रोडचा फ्लॅट विकला तरी पहिलं वर्षच निघेल." सरकारी कर्ज आपल्याला मिळत नाही, खासगीला बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन लागतो. मंडळात तो विषय निघाला की सगळे एकदम वरणभात वाढायला उठतात.

पण फी माफ होते म्हणून एमडी-पीएचडी करू नये. सात-आठ वर्षं, कधी नऊ. संशोधनाची खाज असेल तरच. रुग्ण नको, फक्त प्रयोगशाळाच हवी असेल तर सरळ पीएचडी करावी. तिथे परदेशी मुलांना दारं कितीतरी जास्त उघडी आहेत.

आता व्हिसा. एच-४ वरून एफ-१ करायची कागदपत्रं आत्ताच सुरू करा, बदल व्हायला महिने लागतात. घरच्या ग्रीन कार्डचं प्रकरण त्या अर्जात कसं मांडायचं हे वकिलाला विचारा, मंडळाला नाही. एक चांगली गोष्ट म्हणजे एफ-१ झाल्यावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर पगारी काम करता येतं. त्याच बाकावर, पगार घेऊन. पदवीनंतर ओपीटी, म्हणजे काम करायची परवानगी, १२ महिने, आणि विज्ञान शाखा असल्याने पुढे २४ महिन्यांची वाढ. म्हणजे एक-दोन वर्षं प्रयोगशाळेत पूर्णवेळ काम करून मगच अर्ज करता येईल. घाई करू नये. एनआयएचच्या पदवीनंतरच्या कार्यक्रमात किंवा एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेच्या आरईयू या उन्हाळी संशोधन कार्यक्रमात तिला जाता येणार नाही, त्यांनाही तीच अट. विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकाकडे टेक्निशियनची नोकरी शोधायची.

नाना, भाच्याला सांगा, एमबीबीएस झाल्यावर परत इथे पहिलीपासून एमडी करण्यात अर्थ नाही. बहुतेक कॉलेजांना अमेरिकन किंवा कॅनडाच्या कॉलेजातला अभ्यासक्रम लागतो. त्याने यूएसएमएलई ही इथली डॉक्टरांची परवाना परीक्षा देऊन रेसिडेन्सी घ्यावी आणि संशोधनाची वाट आतून धरावी. इंटर्नल मेडिसिनमध्ये दोन वर्षं रुग्णसेवा आणि तीन वर्षं संशोधन असा मार्ग आहे. किंवा थेट पीएचडी. दोन्हींत त्याची पदवी वाया जात नाही.

पाळणाघरातून फोन आलाय. पुरे करतो.

– दादा

*

प्रेषक: यादी सांभाळणारे

वरील चर्चा चालू द्या. फक्त 'रिप्लाय ऑल' जपून दाबा. काल एका सभासदाने आपल्या बायकोला पाठवायची किराणा यादी तीनशे घरांना पाठवली. कोथिंबीर दोन जुड्या, कळलं आम्हाला.

*

प्रेषक: मोदकवाल्या काकूंची मुलगी

नमस्कार दादा,

आई म्हणाली मराठीत लिही. मी बोलते बरं, लिहिताना वेळ लागतो. चुका झाल्या तर सांगा.

मी चौदा मेल लिहिल्या. पाठवायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, व्हिसाबद्दल निबंधात लिहू का? वय आणि व्हिसा हे माझ्या आयुष्यात रोजचं आहे, न लिहिणं खोटं वाटतं. दोन, माझ्या नावावर छापून आलेला शोधनिबंध, म्हणजे पेपर, नाही. मागचे सहा महिने माझा वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रोटीन ओळखायची चाचणी) चुकत होता. शेवटी कळलं की अँटिबॉडीच चुकीची आहे. आम्ही ते प्रोटीन काढून टाकलेल्या पेशींत बघितलं, तरी पट्टा तिथेच! म्हणजे अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटत होती. सगळे जुने निकाल फेकावे लागले. हे लिहिलं तर वाईट दिसेल का?

*

प्रेषक: फिलीवाला दादा

अगं, हाच तुझा निबंध आहे.

एमकॅसमध्ये, म्हणजे मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात, एमडी-पीएचडीवाल्यांना तीन निबंध असतात. नेहमीचा, ५,३०० अक्षरांचा. मग 'दोन्ही का' हा, ३,००० अक्षरांचा. आणि संशोधनाचा, १०,००० अक्षरांचा. खरी परीक्षा तिसऱ्याची. तो प्राध्यापक वाचतात, आणि तुला काय सापडलं यापेक्षा तू विचार कसा केलास हे शोधतात. पेपर असला तर उत्तम, नसला तर फार बिघडत नाही. प्रोटीन नसलेल्या पेशींत पट्टा दिसला, त्या दिवशी प्रयोगशाळेत तू काय केलंस? कोणाला आधी सांगितलंस? ती तपासणी करायची कल्पना कुणाची होती? तुझी असेल तर स्वच्छ लिही, "मी सुचवली."

माझ्या पहिल्या मसुद्यात ओळीओळीला 'आम्ही' होतं. गाइडने लाल पेनने प्रत्येक 'आम्ही'भोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, "हे कोण?" आपल्याकडे 'मी केलं' म्हणायला जीभ वळत नाही. तुझ्या मेलमध्येही बघ, "आम्ही ते प्रोटीन काढून टाकलेल्या पेशींत बघितलं." कोणी बघितलं?

व्हिसाबद्दल लिहायचं असेल तर दोन ओळी, तेही पहिल्या निबंधात. त्यात तक्रार नको. अर्ज वाचणाऱ्याला तुझी कीव आली की तो अर्ज बाजूला ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

ज्या ज्या प्रयोगशाळेत काम केलंस त्या सगळ्यांच्या गाइडचं शिफारसपत्र लागतं. जिथे भांडण झालं असेल तिथलंही. आत्तापासून सगळ्यांशी बोलून ठेव.

आणि एमकॅटचं, म्हणजे प्रवेश परीक्षेचं, वेळापत्रक आईला सांगू नकोस. रोज विचारेल.

– दादा

*

प्रेषक: नाना

मुली, "मी केलं" म्हण आणि पुढे जा. कोणाला तरी आनंदीबाई जोशांची आठवण काढायची हौस येणार आहे, म्हणून मीच काढून टाकतो: त्या आल्या तेव्हा इथेच, न्यू जर्सीत रोझेलला उतरल्या होत्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. झालं, आता कोणी पुन्हा लिहू नये.

भाच्याने दादांचा सल्ला वाचला. म्हणतो, "मामा, आधी इंटर्नशिप तर संपू दे."

*

प्रेषक: मोदकवाल्या काकू

मंडळी,

पोरीने चौदा मेल पाठवल्या. तीन आठवड्यांत नऊ उत्तरं आली. पाच सरळ 'नाही'. तीन ठिकाणी 'अर्ज करा, पण पैशांचं सांगता येणार नाही', म्हणजे दादांच्या भाषेत पिवळा ठिपका. एका ठिकाणच्या बाईंनी दोनच ओळी लिहिल्या: चारही वर्षांचा खर्च कॉलेज उचलतं, गेल्या वर्षी एफ-१ वरच्या एका विद्यार्थ्याला घेतलं. तिने ते छापून फ्रिजवर लावलंय. दूध काढताना मला रोज वाचावं लागतं.

एफ-१ चा अर्ज गेल्या मंगळवारी टाकला. तो आला की तिच्या प्राध्यापकांनी पगार द्यायचं कबूल केलंय.

दादा, तिसऱ्या निबंधाचा मसुदा तुम्हाला वेगळा पाठवते, यादीवर नाही. तिने त्यातले सगळे 'आम्ही' स्वतःच पुसलेत, फक्त एक ठेवलाय. त्याबद्दल तिचं म्हणणं आहे की तिथे खरंच दोघी होत्या.

मोदकांची ऑर्डर शनिवारपर्यंत. तळणीचे की उकडीचे, ते स्पष्ट लिहा.